बिबवेवाडीतलं कढीपत्त्याचं भांडण

पुण्याला जाऊन आलं की अमरावतीत पहिला प्रश्न येतो, "काय काय पाहिलं?" विचारणारे शनिवारवाडा, सारसबाग, कात्रजचे वाघ अशा उत्तरांच्या तयारीत असतात. मी चार दिवसांत एका शाळेतला पाचवीचा वर्ग पाहिला, आणि तोही मागच्या बाकावरून, गुडघे अडकवून. इतक्या लांब जाऊन इतकंच पाहणारा माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही. तेव्हा लिहून ठेवणं भाग आहे.

आम्ही म्हणजे तिघं. मी बँकेतला कारकून, पन्नाशीला टेकलेला, पोट आणि सल्ला दोन्ही पुढे करून चालणारा. या दोन्हींना आवर घालणारी माझी बायको सुलभा. आणि आमची अकरा वर्षांची रेवा. रेवाला डाउन सिंड्रोम आहे. ती शिकते, पण आपल्या चालीनं. बोलते, पण प्रत्येक शब्द आधी तोंडात घोळवून बघते. बालवाडीत ती गल्लीतल्या सगळ्या पोरांबरोबर होती. पोरं पहिलीत गेली, रेवा राहिली. ज्या दोन शाळांत विचारलं, त्यांनी चहा पाजून नाही म्हटलं. मग एक छोटा विशेष वर्ग मिळाला. तिथल्या ताई फार मायाळू, पण मुलं मोजून सहा आणि अभ्यास बहुतेक मण्यांच्या माळांचा. आमच्या घरातल्या प्रत्येक किल्लीला आता माळ आहे. रेवाला मैत्रीण मात्र एकही नाही.

सुलभाची मोठी बहीण, मीनाताई, लग्न होऊन पुण्याला गेल्या त्याला तीसेक वर्षं झाली. त्या बिबवेवाडीत राहतात. त्यांनीच फोन करून सांगितलं की तिथल्याच एका शाळेत सगळी पोरं एका वर्गात बसतात, पहिला नंबर काढणारी, अक्षर न लागणारी, न दिसणारी, चाकाच्या खुर्चीतली, सगळी. येऊन बघा म्हणाल्या. मी बँकेत पुण्याची बदली मागितली असती तर मिळण्यासारखी होती. मागायची की नाही, एवढं या फेरीत ठरवायचं होतं. सुलभा मागायच्या बाजूची. मी विरुद्ध बाजूचा. मला एकच भीती, पोरं तिला चिडवतील. त्यातून पुण्याची पोरं. आमच्याकडची निदान मोकळ्या तोंडानं चिडवतात, ही शुद्ध मराठीत चिडवणार.

गुरुवार. मीनाताईंचं घर

गाडीतलं सांगण्यासारखं काही नाही, ठेच्याची बाटली सोडून. मीनाताईंना पुण्यात धड ठेचा मिळत नसणार या दयेपोटी मी घरून बाटली भरून घेतली होती. झाकण मीच लावलं होतं. बिबवेवाडीला पोचून बॅग उघडली तेव्हा शाळेत घालायला आणलेला माझा इस्त्रीचा पांढरा शर्ट हिरवा झाला होता आणि खोलीतले सगळे शिंकत होते. मीनाताईंचा मुलगा बंगळुरात नोकरीला असतो. त्याचा एक टी-शर्ट मला देण्यात आला. छातीवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की मी झोपत नाही, मी कोड लिहितो. पोटावर ती अक्षरं जरा ताणली गेली, त्यामुळे लांबूनही वाचता येत होती.

जेवायला बसलो. आमटीत गूळ होता. मीनाताई मूळच्या आमच्याच, पण तीस वर्षांत त्यांच्या आमटीनं पूर्ण धर्मांतर केलंय. "पोळी हवी का विलासराव?" त्यांनी विचारलं. मी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं. आमच्याकडे पहिलं नको म्हणजे सुरुवात असते, तिसऱ्या नकोनंतर पोळी ताटात पडते. इथे पोळी डब्यात गेली आणि झाकण बसलं.

"मावशी, मला हवी," रेवा म्हणाली. तिला लगेच मिळाली, वर तूपही.

"बघा," मीनाताई म्हणाल्या, "पोरीला पुणं कळलं."

मी उपाशी झोपलो असं म्हणणार नाही. सुलभाला झोप लागल्यावर बॅगेतला चिवडा काढून खाल्ला. त्यालाही ठेचा लागला होता.

शुक्रवार. मागचा बाक

शाळा म्हणजे कुठल्याही गावात दिसेल तशी. दुमजली, पिवळी, समोर मैदान, एका बाजूला पाण्याचे नळ. पायऱ्यांच्या कडेनं एक उतार काढलेला होता आणि त्यावरून पाच-सहा पोरं विनाकारण घसरत होती. ज्यांना पायऱ्या चढता येत होत्या तीच.

पाचवीच्या शिरोळे बाईंनी आम्हाला दारातच सांगितलं, "रेवा आज वर्गात बसेल. तुम्हालाही बसायचं तर मागे बसा. एक विनंती आहे. मधे बोलायचं नाही."

"छे, छे, मी कशाला बोलतो," मी म्हटलं. सुलभानं खिडकीबाहेर बघितलं.

वर्गात एक मोठं प्लायवूड जमिनीवर ठेवलेलं होतं. मुलं शाळेचा नकाशा करत होती, हातांनी वाचायचा. भिंती सुतळीच्या, रस्ते साबुदाण्याचे, झाडं म्हणजे राजम्याचे दाणे, सगळं फेव्हिकॉलनं चिकटवलेलं. वर्गातल्या सानिकाला दिसत नाही. तिच्यासाठी सुरू झालेलं हे काम आता पहिलीत येणाऱ्या सगळ्याच मुलांसाठी चाललं होतं. कुणी मैदान दोरीनं मोजून आणत होतं, कुणी त्याचं प्रमाण काढून प्लायवूडवर बसवत होतं, कुणी नुसतं बघून सांगत होतं की कशाशेजारी काय आहे. एकच धडा, पण त्यात शिरायला दारं बरीच ठेवलेली. रेवा झाडांच्या गटात गेली. ती पोरं तिला घेऊन मैदानात एक फेरी मारून आली आणि परतल्यावर एका पोरीनं तिच्या हातावर राजमा ठेवला. "तुझी बाजू नळाची."

रेवाचा चष्मा घसरलेला दिसत होता. मी जागेवरूनच खुणा करून तिला बोलावलं. दर अर्ध्या तासानं तिचा चष्मा पुसून नीट बसवायची माझी जुनी सवय आहे. घाईत पुसताना काडी मोडली. कट्कन आवाज आला. सगळा वर्ग वळला.

"अहो, मधात काहून उठता तुम्ही?" सुलभा दातांमधून म्हणाली. मी पुरता उठलोच नव्हतो. पॅंट बाकाच्या खिळ्यात अडकली होती.

चष्म्याला चिकटपट्टी लावून रेवा परत प्लायवूडजवळ बसली. सगळं चिकटवून झाल्यावर सानिका तपासायला आली. तिनं मांडी घातली, बोटं नकाशावर फिरवायला लागली, आणि नळापाशी थांबली.

"इथे झाड कुणी लावलंय?"

"मी," रेवा म्हणाली.

"चूक आहे. इथे झाड नाहीये."

"आहे."

"नाहीये गं. मी रोज पाणी प्यायला इथूनच जाते."

"आहे!"

हेच ते, मी मनात म्हटलं. सुरू झालं. मी उभा राहिलो, या वेळी खिळ्यासकट.

"असू दे ना बाळा," मी सानिकाला गोड आवाजात म्हटलं, "एक राजमा तर आहे. ती नवीन आहे."

सानिकानं मान माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवली. "तुम्ही कोण?"

"मी रेवाचा बाबा."

"काका, असू दे म्हणजे काय? तिथे झाड आहे की नाही, तेवढं सांगा."

मला ठाऊक नव्हतं. मी पाहिलंच नव्हतं. मी रेवाकडे बघत होतो, रेवा झाडाकडे बघत होती.

"काका, बसा," शिरोळे बाई म्हणाल्या.

रेवानं सानिकाचा हात धरून ओढला. "चल. दाखवते."

"ओढू नकोस. कोपर दे, मी धरते."

रेवानं कोपर पुढे केलं. दोघी निघाल्या, मागून सगळा वर्ग निघाला, वर्गामागून मी निघणार होतो पण सुलभानं टी-शर्ट धरला. आम्ही खिडकीतून पाहिलं. नळाशेजारी रंगाचा एक रिकामा डबा होता आणि त्यात हातभर उंचीचा कढीपत्ता. शिपाईमामांनी याच आठवड्यात आणून ठेवलेला, हे मागाहून कळलं. सानिकानं पानं चाचपली, बोटांचा वास घेतला आणि म्हणाली, "अगंबाई, आहे की!"

मी खिडकीत टाळ्या वाजवल्या. थोड्या लवकर वाजवल्या.

"एक मिनिट," ओंकार नावाचा एक मुलगा म्हणाला. वर्गातला सगळ्यात हुशार तो, हे त्याच्या कपाळावरच लिहिलेलं. "टेक्निकली हे झाड नाही. ही कुंडी आहे. कुंडी उद्या हलवली तर आपला मॅप चुकणार."

"झाड," रेवा म्हणाली.

"कुंडी."

"झाड आहे! तू... तू कुंडी!"

पोरं हसली. रेवाही हसली, मग तिला आठवलं की आपण भांडतोय, आणि तिनं परत कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाई म्हणाल्या, "उद्या ठरवू. ज्याला जे म्हणायचंय ते उद्या कारणासकट."

मी बाकावर बसून राहिलो. माझ्या लक्षात असं आलं की आमच्या घरात रेवाशी कधी कुणी भांडलेलंच नाही. कॅरममध्ये मी हरतो. सापशिडीत तिची चुलतभावंडं फासे लपवून हरतात. ती निळ्याला हिरवा म्हणाली तरी आम्ही सगळे मिळून "वा, वा" करतो. अकरा वर्षांत तिला "चूक आहे" असं तोंडावर सांगणारी पहिली व्यक्ती सानिका होती, आणि तिच्याशी वाद घालताना माझ्या पोरीनं जेवढे शब्द वापरले तेवढे ती आठवडाभरात माझ्याशी बोलत नाही.

सुट्टीत मुलं खिचडी खात होती. मी शिरोळे बाईंना बाजूला गाठून, बरेच दिवस घोळवलेला प्रश्न विचारला. "बाकीच्या मुलांचं नुकसान होत नाही का हो? म्हणजे, रेवासारखीसाठी थांबावं लागतं..."

"त्या ओंकारला चौथीत असताना काही विचारलं की उत्तर यायचं आणि विषय संपायचा. समजावून सांग म्हटलं की जमायचं नाही. सानिकाशी भांडून भांडून आता जमतं. याला नुकसान म्हणायचं का?" मग त्या जरा थांबल्या. "तुम्हाला खोटं सांगत नाही. अडतीस मुलं आहेत आणि मी एकटी. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनदा येतात. काही दिवशी सगळा गोंधळ होतो, मी घरी जाऊन डोकं धरून बसते. चमत्कार बघायला आला असाल तर तो इथे नाही. रोजची शाळा आहे. मोठ्या बाईंशी बोललेय मी, जागा आहे. ठरवायचं तुम्ही."

"कुणी चिडवलं तर?"

"चिडवतील ना. तीही चिडवेल. आत्ताच ओंकारला कुंडी म्हणाली."

शुक्रवार संध्याकाळ. शनिवार पेठ

बिबवेवाडीत चष्म्याची दुकानं पायलीला पन्नास आहेत. पण मीनाताईंचा चष्मेवाला शनिवार पेठेत, आणि तो बदलणं म्हणजे त्यांच्या मते कुलदैवत बदलणं. म्हणून रिक्षा करून सगळे तिकडे गेलो. बोळातलं अरुंद दुकान, काउंटरमागे सत्तरीचे एक गृहस्थ पेपर वाचत बसलेले. आम्ही गिऱ्हाईक आहोत हे त्यांना पटायला थोडा वेळ गेला.

"काका, जरा या चष्म्याचं..." मी सुरुवात केली.

"कुणाचा आहे?"

"माझ्या मुलीचा."

"मग तुम्ही का बोलताय?" त्यांनी पेपर खाली ठेवला आणि रेवाकडे पाहिलं. "हं. मोडला कुणी?"

रेवानं माझ्याकडे बोट केलं. "बाबांनी."

"वाटलंच. कुठे टोचतो का हा तुला?"

रेवा विचार करायला लागली. तिचा विचार चालू असला की मला राहवत नाही. "कानामागे जरा..." मी म्हटलं.

"तुमच्या कानामागे टोचतो?"

"नाही."

"मग थांबा."

ते थांबले. मीनाताई थांबल्या. मागे एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, तेही थांबलं.

"नाकावर," रेवा म्हणाली. "इथे. दुखतं."

त्यांनी भिंग लावून बघितलं, नाकावरची जुनी गादी काढून नवी, छोटी बसवली, काडी बदलली, चष्मा तिच्या नाकावर ठेवून मान हलवायला सांगितली. घसरला नाही. दोन वर्षं ती पोर चष्मा वर ढकलत होती आणि दोन वर्षं मी तो पुसत होतो.

"पुढल्या वेळी एकटी आलीस तरी चालेल," ते तिला म्हणाले आणि पुन्हा पेपरात गेले.

परतताना मी मीनाताईंना म्हटलं, काय माणूस आहे, किती तोडून बोलतो. मीनाताई म्हणाल्या, "तुम्हाला बोलला. तिला बोलला का?" खरंच नाही. आमच्याकडे दुकानदार रेवाच्या गालाला हात लावतो, खडीसाखर देतो, आणि तिला काय हवं ते मला विचारतो. इतक्या गोड माणसांत राहून तिच्या वाट्याला प्रश्न एकही आलेला नाही. हे मी आमच्या गावाची निंदा म्हणून लिहीत नाही. त्या रांगेत सगळ्यात पुढे मीच उभा आहे.

शनिवार. कात्रज रद्द

शनिवारचा बेत कात्रजचा होता. रेवाला वाघ बघायचे होते. निदान गुरुवारपर्यंत तरी बघायचे होते. सकाळी सात वाजता ती आंघोळ करून, बटणं वर-खाली लावून दारात उभी.

"कुठे?" मी विचारलं.

"शाळा."

"अगं, आपण वाघ बघायला..."

"नको. कुंडी आहे."

शनिवारी शाळा अर्धा दिवस. शिरोळे बाईंनी आम्हाला बघून काही आश्चर्य दाखवलं नाही. फक्त माझ्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची आणवली आणि ती दाराबाहेर ठेवली. सुलभाला आत बसायची परवानगी होती.

पोरं प्लायवूडभोवती गोल करून बसली. ओंकारनं आपली बाजू मांडली. जे हलत नाही तेच नकाशात, हलतं ते नाही, नाहीतर मग मोठ्या बाईंची स्कूटरही दाखवा. मुद्दा बिनतोड होता. मग बाई म्हणाल्या, "रेवा?"

रेवा उभी राहिली. शब्द येईना. मला दारातून दिसत होतं, तिचे ओठ हलत होते. माझेही हलत होते. माझ्याकडे चार मुद्दे तयार होते. आतली अडतीस मुलं काही करत नव्हती. कुणी "बोल बोल" करत नव्हतं, कुणी तिच्यासाठी वाक्य पुरं करत नव्हतं. एक जण नाक खुपसून पेन्सिलीला टोक करत होता. त्यांना थांबायची इतकी सवय होती की आपण थांबलोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मामा पाणी घालतात," रेवा म्हणाली. मग बराच वेळ गेला. "वाढतं ते. मोठं होतं. म्हणून... झाड."

दोन-तीन पोरींनी माना डोलावल्या. ओंकारनंही वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जिंकली.

"मी बोलू?" सानिका म्हणाली. "मला ते झाड आवडलं. पण मी नकाशा वाचून चालणारे. राजमा लागला की मला कळणार, इथे झाड आहे, टेकता येईल. आणि मी त्या डब्याला टेकले की डब्यासकट पडणार. म्हणून राजमा नको. पण तिथे काहीच नसलं तर मी डब्याला अडखळणार. काल मला माहीतच नव्हतं तो आहे ते. म्हणून काहीतरी पाहिजे, पण दुसरं."

मग कुणीतरी शर्टाचं बटण सुचवलं. बटण म्हणजे सरकणारी वस्तू, जपून जा. हात वर झाले. रेवाच्या बाजूनं तिचा स्वतःचा एक हात, आणि दारातून माझा, जो धरला गेला नाही.

"रेवा, राजमा तू काढ," बाई म्हणाल्या.

फेव्हिकॉल वाळला होता. रेवा पट्टीच्या कोपऱ्यानं खरवडत बसली. निघेना. डोळे भरून आलेले मला दिसत होते. मी खुर्चीतून अर्धा उठलो. आतून सुलभानं माझ्याकडे पाहिलं. ती तिच्या जागेवर हात घट्ट बांधून बसली होती आणि तिचेही डोळे भरले होते. मी परत टेकलो. ओंकार रेवाशेजारी येऊन बसला. "पाणी लावू? पाण्यानं सुटतं." तिनं मान हलवली. त्यानं बाटलीच्या झाकणात पाणी आणून दिलं आणि खरवडायला तिलाच दिलं. राजमा सुटला. तिथे निळं बटण बसलं, तेही रेवानंच दाबून धरलं. सानिकानं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "आता बरोबर."

शाळा सुटल्यावर आम्ही रिक्षात बसलो. रेवा मधे, आम्ही दोघं दोन बाजूंना. तिचा चेहरा फुगून तांबडा झाला होता. बोलायला तयार नव्हती. आयुष्यात पहिल्यांदाच हरली होती पोर, आणि हरणं कुठे ठेवायचं असतं हे तिला माहीत नव्हतं. माझ्या जिभेवर सवयीचं वाक्य आलं, तुझंच बरोबर होतं गं राणी, ती पोरं वेडी आहेत. मी तोंड उघडलं. रिक्षा खड्ड्यात आदळली, तेवढ्यात विचार करायला मिळाला.

"हरलीस," मी म्हटलं.

सुलभा माझ्याकडे बघतच राहिली.

"हो," रेवा म्हणाली. बाहीनं नाक पुसलं. बिबवेवाडीचा चौक आला, गेला.

"सोमवारी बघते त्या ओंकारकडे," ती म्हणाली.

मी खिशातून मोबाइल काढला आणि रविवारच्या परतीच्या तीन तिकिटांतली मायलेकींची दोन रद्द केली.